गोदाबाईंची घागर आणि दोन सह्या

पूर्वरंग कसाबसा पार पडला, मंडळी. निरूपणात दोनदा अडखळलो. एकदा तर कागदच उलटा धरला होता – पुढच्या रांगेतल्या मावशींनी खूण केली म्हणून कळलं! आता आख्यान. पेटीवाले, सूर जरा खाली घ्या. आज मला वर चढायचं नाही.

जय जय रामकृष्ण हरी!

तर मंडळी, ऐका. आधी एक प्रश्न विचारतो. एक बाई भर दुपारी मालकाच्या नळाला घागर लावते आणि भरून घरी नेते. एक माणूस पंख्याखाली बसून, एक अक्षर न वाचता, कागदावर सही करतो – 'तपासले'. या दोघांत चोर कोण?

थांबा! लगेच बोलू नका. मी ज्या सुरात विचारलं, त्यातच तुम्हाला उत्तर मिळालं. असं उत्तर काही खरं नव्हे. आधी गोष्ट ऐका.

या देवळात दरवर्षी गणेशजयंतीला मी पुराणातलं आख्यान लावतो. राजे, ऋषी, शाप, उःशाप! त्यात एक सोय असते. पाप करणारा हजारो वर्षांपूर्वीच मेलेला असतो – तुम्हाला धोका नाही, मलाही नाही! आजच्या आख्यानातला पापी मात्र जिवंत आहे. त्याला मधुमेह आहे, आणि त्याच्या हातात या चिपळ्या आहेत.

हो, मीच. बापट. तुमच्या विद्यापीठाचा निवृत्त ग्रंथपाल.

आणि गोदाबाई लोंढे – त्या काय, तिथे खांबाला टेकून बसल्यात. मान वळवू नका एवढ्या सगळ्यांनी! त्यांना विचारूनच सांगतो आहे. त्या म्हणाल्या, "सांगा की. पर मला लई चांगली करू नगा. मी भांडखोर हाय, तसंच सांगा."

बरं तर. भांडखोर गोदाबाई!

आपलं विद्यापीठ माळावर आहे. मुरूम, खुरटं गवत आणि वारा. गोष्ट पाच वर्षांपूर्वीची. विद्यापीठाच्या मनात आलं, की आपण 'हरित' व्हावं! हरित परिसर म्हणून बाहेरचा मान मिळतो, समिती येऊन पाहून जाते, फाटकावर पाटी लावता येते. विचार वाईट होता का? मुळीच नाही. मलाही आवडला होता. झाडं, सावली, पक्षी – कुणाला आवडणार नाही? पण हरित कसं व्हायचं? झाडाला वाढायला दहा वर्षं लागतात, आणि समिती येणार मे महिन्यात! मग ठरलं – हिरवळ! मुख्य इमारतीसमोर दोन एकरांत मऊ, परदेशी गवत. त्यासाठी नवी बोअर, मोटर आणि गोल फिरणारे फवारे. काय सुंदर दिसायचं हो! मी ग्रंथालयाच्या खिडकीतून बघत बसायचो. उन्हात फवाऱ्यावर इंद्रधनुष्य पडायचं.

त्या हिरवळीच्या खालच्या अंगाला, उतारावर, सफाई कामगारांची चाळ आहे. अठरा खोल्या. चाळीमागे जुनी विहीर. विद्यापीठ नव्हतं तेव्हापासूनची! अठरा घरं तिच्यावर. आणि मंडळी, वरची बोअर आणि खालची विहीर – दोन्हींना पाणी एकाच खडकाच्या पोटातून. हे मला ठाऊक होतं का? ठाऊक असायला हवं होतं. भूगर्भशास्त्राची चार कपाटं होती माझ्याकडे! पण ग्रंथपालानं पुस्तकं फक्त मोजायची असतात, असा माझा समज होता.

विठ्ठल विठ्ठल!

आता दुसरा धागा. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला, मग तो वाणिज्यचा असो की कलेचा, पर्यावरणाचा एक प्रकल्प करावा लागतो. पन्नास पानं. हातानं लिहायची. पानाच्या एकाच बाजूला! म्हणजे पर्यावरण वाचवण्यासाठी निम्मा कागद कोरा! आणि ती पन्नास पानं कशात घालायची? प्लास्टिकच्या फाइलीत! 'प्लास्टिकचे दुष्परिणाम' – प्लास्टिकमध्ये! दरवर्षी तीन हजार फाइली. हसा, हसा. मला मात्र हसायला चार वर्षं लागली.

या फाइली तपासायचे प्राध्यापक हिंगमिरे. सज्जन गृहस्थ. वनस्पतिशास्त्राचे. पहिल्या वर्षी ते खरंच वाचायला बसले होते. पन्नासाव्या फाइलीला त्यांच्या लक्षात आलं, की सगळ्या फाइली म्हणजे एकच फाइल. मग त्यांनी वाचणं सोडलं आणि सर्वांना शंभरपैकी बहात्तर गुण द्यायला सुरुवात केली. का बहात्तर? ते म्हणायचे, "बापटसाहेब, पंचाहत्तर दिले तर कुणी विचारतं, सत्तर दिले तर कुणी रडतं. बहात्तरबद्दल कुणी काही बोलत नाही."

प्रत्येक फाइलीच्या पहिल्या पानावर छापील दाखला असायचा – 'हा प्रकल्प विद्यार्थ्याने स्वतः केला असून आम्ही तो काळजीपूर्वक तपासला आहे.' खाली दोन सह्या. एक हिंगमिऱ्यांची. दुसरा परीक्षक बाहेरचा हवा, पण एवढ्या फाइलींना बाहेरचं कोण येतं? तेव्हा ग्रंथालय म्हणजे 'बाहेरचं' असं ठरलं. दुसरी सही माझी.

माझी सही सुंदर आहे, मंडळी. लोक म्हणायचे. दिवसाला दोनशे व्हायच्या. चहा घेता घेता!

आणि त्या साली, गोदाबाईंची मुलगी तेजश्री दुसऱ्या वर्षाला होती. वाणिज्य शाखा. तिनंही फाइल दिली. जानेवारीत. हिंगमिऱ्यांनी बहात्तर दिले. मी सही केली.

आता पुढे काय झालं? रंगपंचमीला विहिरीचा तळ दिसला.

अठरा घरं! आठवड्यातून दोनदा टँकर यायला लागला. टँकर आला की चाळीत भांडणं, टँकर नाही आला की चाळीत शांतता – आणि ती शांतता जास्त वाईट. आणि वर, ऐंशी पावलांवर, सकाळ-संध्याकाळ फवारे. गरागरा! इंद्रधनुष्य!

एके दिवशी दुपारी गोदाबाईंनी काय केलं? घागर घेतली, उतार चढून वर आल्या, फवाऱ्याचा पाइप नळावरून काढला आणि घागर लावली. लपून नाही हां! उन्हात, सगळ्यांसमोर. सुरक्षारक्षक धावत आला. "मावशी, काय करताय? हे हिरवळीचं पाणी हाय!"

गोदाबाई म्हणाल्या, "मग हिरवळीला म्हनावं, ये माझ्यासंगं भांडायला!"

रक्षकाला हसू आलं. पण त्याला वर कळवावं लागलं. कळवलं. झालं! गोदाबाई विद्यापीठाच्या सफाई कामगार. अकरा वर्षं झाडलोट केलेली. त्यांच्यावर पाणीचोरीचा ठपका. चौकशीला तिघं – अधीक्षक नाडगौडा, हरित परिसर समितीचे म्हणून हिंगमिरे, आणि तिसरा कुणीतरी निरुपद्रवी हवा म्हणून मी.

ऐका हं चौकशी.

नाडगौडा म्हणाले, "बाई, नळ कुणाचा?"

"तुमचा."

"पाणी कुणाचं?"

"पानी आमच्या हिरीतलं."

"तुमच्या विहिरीतलं पाणी आमच्या नळाला कसं येईल?"

"त्येच म्या इचारतीय! तुमची मोटर लागल्यापास्नं हीर खाली चाललीय. मोटर बंद, की पानी थांबतंय. मोटर चालू, की पानी पळतंय. माझ्या लेकीनं मोजलंय."

"पुरावा आहे?"

"पुरावा म्हंजी?"

"लेखी! कागद! काहीतरी कागदावर हवं ना?"

गोदाबाई म्हणाल्या, "मोकळी हीर बगायला या की, सायेब. ती काय कागदावर मावतीय व्हय?"

आम्ही तिघंही हसलो. मंडळी... मीसुद्धा हसलो. विनोद चांगला वाटला मला. ऐंशी पावलांवर विहीर होती, आणि तिघांपैकी एकजणही खुर्चीतून उठला नाही. अहवाल टाइप होऊन आला – 'पुराव्याअभावी बचाव ग्राह्य धरता येत नाही.' गोदाबाईंचं काम गेलं. आणि काम गेलं म्हणजे? चाळीतली खोली कामाबरोबर मिळालेली! महिन्याभरात खोली रिकामी करायची. अकरा वर्षांचा संसार! त्या अहवालावर मी सही केली. तीच सुंदर सही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रंथालयाच्या टेबलापाशी एक मुलगी येऊन उभी राहिली. बारीक, उंच, दोन वेण्या. मला वाटलं पुस्तक हवं आहे.

म्हणाली, "सर, पुरावा तुमच्याकडं आहे."

"कसला पुरावा, बाळ?"

"विहिरीचा. मी तेजश्री लोंढे. जानेवारीत फाइल दिली होती. तुमची सही आहे तिच्यावर. 'काळजीपूर्वक तपासला आहे' असं लिहिलंय."

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मंडळी. टोमण्याला उलट उत्तर देता येतं. तिला ते खरं वाटत होतं! तिला वाटत होतं की आम्ही वाचलं, आणि वाचूनही काल गप्प बसलो.

मी हिंगमिऱ्यांना बोलावलं. ग्रंथालयामागे कोठार आहे, तिथं चार वर्षांच्या फाइली. अकरा हजारांच्या वर! कुठलाही क्रम नाही. ग्रंथपालाच्या कोठारात क्रम नाही! आम्ही दोघं म्हातारे जमिनीवर बसलो आणि शोधायला लागलो. तेजश्रीला म्हटलं, तू उंबऱ्यावर बस, आत धूळ आहे.

आणि तिथं, आयुष्यात पहिल्यांदा, मी त्या फाइली उघडल्या. अहो, काय सांगू! तीन हजार मुलांनी एकाच नदीला भेट दिलेली – एकाच रविवारी, एकाच मामाबरोबर! नदीकाठी चेंगराचेंगरी कशी झाली नाही कुणास ठाऊक! एका पोरानं आभार मानताना लिहिलं होतं, 'माझे यजमान व सासूबाई यांनी मला मोलाचे सहकार्य केले.' मिशा होत्या हो त्याला, फोटोत! आणि खाली? 'काळजीपूर्वक तपासला आहे.' बापट.

पोरांना हसता का? पोरं हुशार होती. वाचणारा कुणी नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. लबाडी आधी कुणी केली – त्यांनी की आम्ही?

तासाभरानं माझ्या हाताला एक फाइल लागली. तिला प्लास्टिक नव्हतं. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यात निळ्या सुतळीनं शिवलेली. कागद पाठपोट लिहिलेले. 'लोंढे तेजश्री. विषय – आमच्या चाळीची विहीर.'

उघडली. दर रविवारी सकाळी सात वाजता तिनं दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला होता. दोरीला हात-हातावर गाठी. गणेशोत्सवानंतरच्या पहिल्या रविवारपासून सतरा रविवार! शेजारच्या रकान्यात – त्या आठवड्यात मोटर किती तास चालली. मोटर रोज चार तास – पाणी अर्धा हात खाली. दिवाळीच्या सुट्टीत मोटर बंद – पाणी वीतभर वर! पुन्हा सुरू – पुन्हा खाली. शेवटी लिहिलं होतं, 'याच वेगाने मोटर चालली, तर होळीच्या सुमारास विहिरीचा तळ दिसेल. उपाय : हिरवळीऐवजी इथली झाडे लावावीत. वसतिगृहांच्या न्हाणीघरांतील पाणी गाळून बागेला द्यावे. आदरणीय सरांनी कृपया लवकर लक्ष द्यावे.'

आदरणीय सर!

आता सांगतो ते नीट ऐका. पेटी थांबवा जरा. तबलाही.

मी ती फाइल वाचली. पूर्ण वाचली. आणि माझ्या मनात काय आलं? 'वा, पोरी' असं नाही आलं. मनात आलं – ही बाहेर आली तर विचारतील, जानेवारीत पुरावा तुमच्या हातात होता, तुम्ही सही केलीत, आणि एप्रिलमध्ये तुम्हीच म्हणालात पुरावा नाही? चार महिन्यांवर निवृत्ती होती माझी. निरोपसमारंभ, शाल, चार शब्द. आणि दुसरं मनात आलं – सोमवारी या फाइली रद्दीत जायच्या आहेत.

मी ती फाइल मिटली. आणि डाव्या बाजूच्या गठ्ठ्यात खाली सरकवली.

होय. सरकवली.

आणि पुढची फाइल उघडून शोधत बसलो! हिंगमिरे घामाघूम झालेले, चष्मा पुसत म्हणतात, "बापटसाहेब, सापडायलाच हवी हो." मी म्हणतो, "हो, हो. असेल इथंच कुठंतरी." किती वेळ? अर्धा तास. अर्धा तास मी शोधण्याचं नाटक केलं. चोर कोण, चोर कोण – विचारत होतो ना मघाशी?

मग उंबऱ्यावरून आवाज आला. अगदी हळू.

"सर, ती निळ्या सुतळीची. मघाशी तुमच्या डाव्या हाताला होती."

तिनं पाहिलं होतं! अर्धा तास ती वाट बघत होती, मंडळी – की मी आपण होऊन काढीन. मला अर्धा तास दिला होता तिनं.

हिंगमिऱ्यांनी गठ्ठा उपसला, फाइल काढली, वाचली. भिंतीला टेकून बसले. मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला सापडली होती?"

मी म्हटलं, "चष्मा... नीट दिसलं नाही."

तेजश्री म्हणाली, "असू दे, सर."

असू दे! एवढंच. ओरडली असती, रडली असती, तर मी कदाचित विसरलो असतो. तिनं मला सांभाळून घेतलं. वीस वर्षांच्या मुलीनं, जिच्या आईचं काम आणि घर मी काढून घेतलं होतं, तिनं!

राम कृष्ण हरी. वाजवा, वाजवा थोडं. मला श्वास घेऊ द्या.

पुढचं सांगतो. हिंगमिरे तसेच उठले. फाइल छातीशी धरून अधीक्षकांकडे गेले. मी मागे मागे, माझ्यामागे तेजश्री. गोदाबाईंना बोलावणं गेलं. नाडगौडांनी फाइल चाळली आणि कपाळाला हात लावला. "अहो सर, ही बाहेर आणू नका! हरित परिसराच्या अर्जात आपण काय लिहिलंय? 'विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतील सूचनांची अंमलबजावणी केली जाते.' समितीनं ही वाचली तर?"

हिंगमिरे म्हणाले, "समितीनं वाचावीच. मी नाही वाचली. अकरा हजारांतल्या पन्नास सोडून मी एकही वाचली नाही."

नाडगौडा व्यवहारी माणूस. म्हणाले, "ठीक आहे. बाईंचं काम परत मिळालं म्हणजे झालं ना? तुमचं नाव नको, फाइल नको." आणि पाच मिनिटांत कागद तयार! 'श्रीमती गोदाबाई लोंढे यांनी पाणी घेतल्याबद्दल त्यांना सक्त ताकीद देऊन, त्यांच्या परिस्थितीकडे पाहून, दयाबुद्धीने कामावर परत घेण्यात येत आहे.' पेन पुढे आलं. माझ्यापुढे.

मी पेन उचललं, मंडळी. सवयीनं. मला सुटल्यासारखं वाटलं! काम मिळतंय, खोली राहतेय, माझं नाव कुठंच नाही. सगळ्यांचंच भलं!

गोदाबाई म्हणाल्या, "थांबा. तेजू, काय लिवलंय वाच."

तेजश्रीनं वाचलं. मोठ्यानं. 'दयाबुद्धीने'पर्यंत.

गोदाबाई म्हणाल्या, "दया? म्या काय केलंय दया करायला? हीर तुमी आटवली, दया बी तुमीच करनार? न्हाई घ्यायचं मला ह्ये."

नाडगौडा म्हणाले, "बाई, हट्ट करू नका. खोली जाईल!"

"जाऊ दे. अठरा घरांची हीर ग्येली, माझी एक खोली ग्येली तर काय झालं? खरं लिवा, न्हाईतर काय बी लिवू नगा."

आणि त्या माझ्याकडे वळल्या. "सायेब, तुमी पुस्तकातलं मानूस. तुमी तर वाचून सही करा."

त्यांना कोठारातलं काही माहीत नव्हतं. मुलीनं सांगितलंच नव्हतं. त्या अजूनही मला पुस्तकातला माणूस समजत होत्या.

मी पेन खाली ठेवलं. कागद मागितला. आणि स्वतःच्या हातानं लिहिलं – फार चांगलं जमलं नाही, खाडाखोड झाली – 'विहीर हिरवळीच्या मोटरीमुळे आटली. हे कु. तेजश्री लोंढे हिने जानेवारीतच लेखी कळवले होते. आम्ही दोघांनी न वाचता सह्या केल्या. गोदाबाईंनी चोरी केलेली नाही. आधीचा अहवाल आम्ही मागे घेतो.' खाली हिंगमिरे. खाली मी. त्या दिवशी माझी सही वेडीवाकडी आली.

मग काय झालं? गोदाबाई कामावर आल्या, ताकदीविना – अं, ताकिदीविना! बघा, ऐन वेळी जीभ वळते. ताकद तर त्यांच्याकडे होतीच. मोटर बंद झाली. हिरवळ आठ दिवसांत पिवळी पडली. मेमध्ये समिती आली, पिवळं गवत पाहिलं, तो कागद वाचला, आणि मान काही मिळाला नाही. त्याबद्दल मला बरेच दिवस बोलणी खावी लागली. निरोपसमारंभ आटोपशीर झाला. पुढच्या वर्षी वसतिगृहांचं न्हाणीचं पाणी गाळून बागेकडे वळवलं, तेजश्रीनं लिहिलं होतं तसंच. हिरवळीच्या जागी लिंब, करंज, बहावा. अजून कमरेएवढीच आहेत. विहिरीला पाणी आहे. अठरा घरं तिच्यावर आहेत. एवढं झालं. पाटी नाही लागली.

पण कोठारातला तो अर्धा तास कुठल्याच कागदावर आलेला नाही. तो आम्हा तिघांनाच ठाऊक होता. हिंगमिरे गेल्या वर्षी वारले, त्यांनी कधी तोंडातून काढला नाही. तेजश्रीनं आईलासुद्धा सांगितला नाही. गोदाबाई, तुम्ही आत्ताच ऐकलात. मी परवानगी मागितली तेव्हा एवढं सांगितलं नव्हतं. परवानगीसुद्धा अर्धवट सांगूनच घेतली, बघा. माझ्याकडे असं बघू नका... नाही, बघा. बघा.

तर मंडळी, गोष्ट संपली. आता तुमच्याकडे येतो.

इथं प्राध्यापक बसलेत. कारकून आहेत, अधिकारी आहेत. दोन-तीन जण माझ्याहून वरच्या खुर्चीवरचे आहेत. मघाशी तुम्ही यजमानांच्या आभारांना हसलात, तीन हजार मुलांच्या नदीला हसलात. मीही हसवलं. पण आज सकाळपासून तुम्ही किती कागदांवर सह्या केल्यात? दहा? तीस? त्यांतला एक आठवा. कुठलाही एक. त्यात काय लिहिलं होतं?

नाही आठवत?

मग त्या कागदाच्या खालच्या अंगाला कुणाची विहीर आहे, हे तुम्हाला कसं कळणार?

निरांजन लावलं असेल तर थोडं थांबवा, गुरव. आरतीची घाई नको. ज्यांना कागद आठवेल त्यांनी आधी उठावं, कचेरीत जावं, आणि तो वाचून यावं. आम्ही थांबतो.